नानांचा कॉम्प्युटर झोपत नाही

नाना गेल्यावर आमच्या घरात सगळ्यांना झोप लागत होती. फक्त नानांच्या कॉम्प्युटरला लागत नव्हती.

नाना म्हणजे माझे वडील. कारकून म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुना कॉम्प्युटर विकत घेतला आणि महाडच्या आमच्या घरात, मधल्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दारासमोर मांडला. तो त्यांनी कधी बंद केला नाही. बंद केला की तो रुसायचा. मग पेटीच्या अंगावर एक चापट मारल्याशिवाय सुरू होत नसे, आणि चापटीची नेमकी जागा फक्त नानांना माहीत होती. म्हणून काम झालं की ते त्याला झोपवायचे. पडदा काळा व्हायचा, घरघर थांबायची, आणि नाना आईला सांगायचे, "झोपला. आता भांडी हळू आपट."

गेले त्या सकाळीही त्यांनी त्याला स्वतःच्या हाताने झोपवलं होतं. त्यामुळे तो बंद करायला कुणाचा हात धजेना. शिवाय पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्याकडच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाच्या, दिवशी लावायची बुद्धवंदना आणि नानांचे फोटो त्याच्याच पोटात होते. तो कायमचा रुसला असता तर आम्ही नानांना दुसऱ्यांदा गमावलं असतं (हे वाक्य मी तेव्हा मनात म्हटलं होतं, आज लिहिताना जरा जड वाटतं, पण राहू दे).

भेटायला येणाऱ्यांची गर्दी ओसरली त्या दुपारी मला दिसलं, की कॉम्प्युटर जागा आहे. घरघर चालू, आणि पडद्यावर नानांनी हिरकणीवाडीतून काढलेला रायगडाचा फोटो. जवळपास कोणी नाही. मी त्याला झोपवलं. संध्याकाळी तो पुन्हा जागा. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं उरकली, आणि पुन्हा जागा.

दुसऱ्या कुठल्या घरात हे घडलं असतं तर लोकांनी एखादा जाणकार बोलावला असता. आमची अडचण अशी होती की तालुक्यातले ते जाणकार नानांनी उघडे पाडलेले होते. भूत नाही, भानामती नाही, अंगात येणं नाही, हे सांगत नाना आयुष्यभर वाड्यावस्त्यांवर हिंडले. सव गावच्या झऱ्याच्या गरम पाण्यात कुठलीही शक्ती नाही, नुसतं गंधक आहे, हे ते लोकांना त्याच पाण्यात गुडघे बुडवून सांगायचे. अशा माणसाचा कॉम्प्युटर तो गेल्यावर आपोआप उठतो, हे बाहेर कळणं बरं नव्हतं.

पण खरी काळजी आईची होती. मिलिंददादा, माझा थोरला भाऊ, कल्याणला असतो. त्याने आल्या आल्या जाहीर करून टाकलं होतं, "कार्यक्रम झाला की आईला मी घेऊन जाणार. इथे तिला एकेक वस्तू बघून त्रास होईल."

"मला विचारलंस का?" आई म्हणाली.

"तुला विचारायचं नाही असं ठरलंय," दादा म्हणाला.

ते खरंच ठरलं होतं. आमच्याकडे माणूस गेलं की मागे राहिलेल्या बाईला कामाला लावायचं नाही आणि काही विचारायचंही नाही, अशी रीत आहे. आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि न सांगता भाकऱ्या थापायला बसली. तिला हे घर सोडायचं नव्हतं. मलाही तिने ते सोडायला नको होतं. मी पोलादपूरच्या शाळेत भाषा शिकवते, महाडहून जाऊन-येऊन करते, आणि लग्नाच्या भानगडीत पडलेले नाही. आई कल्याणला गेली असती तर ह्या घरात मी आणि तो कॉम्प्युटर, दोघेच उरलो असतो. त्यातला एक जागा.

म्हणून मी ठरवलं, की आईच्या लक्षात यायच्या आत कॉम्प्युटर झोपवायचा. पक्का. मे महिन्याची सुट्टी होतीच.

पहिला उपाय म्हणून मी त्याच्यावर पांढरा टॉवेल टाकला. उठलाच, तर निदान दिसू नये. संध्याकाळी पाहते तर टॉवेल नीट घडी होऊन खुर्चीच्या पाठीवर, आणि कॉम्प्युटर जागा.

दादाला विचारलं, "टॉवेल तू काढलास?"

"मी कशाला काढू? आणि काढला असता तर घडी घातली असती का?"

ह्यात तथ्य होतं. दादाने आयुष्यात कशाचीच घडी घातलेली नाही.

नेमके त्याच वेळी पोलादपूरच्या वाडीवरून दगडूकाका आले होते. नानांचे धाकटे भाऊ. त्यांनी टॉवेल पाहिला, पडदा पाहिला आणि मला हळूच बाजूला घेतलं.

"सुजा, ह्यो थोरलाच गो."

"काका, आपण हे मानत नाही."

"आपुन नाय मानत. पन त्या भुताला ते ठावं हाय का?"

"काका, नानांनी ऐकलं असतं तर काय म्हणाले असते?"

"त्येच तर सांगतो," काका म्हणाले. "ऐकतोय तो."

मी नानांच्या कपाटातून कॉम्प्युटरची माहिती देणारं जाडजूड मराठी पुस्तक काढलं आणि वाचायला बसले. माझी सवय अशी, की कुठलंही पुस्तक मी अर्पणपत्रिकेपासून वाचते. एक सकाळ प्रस्तावनेत गेली (प्रस्तावना चांगली होती, भाषेवर लेखकाचं प्रेम दिसत होतं). त्यानंतर माउसचं प्रकरण. माउस जरा हलला तरी कॉम्प्युटर जागा होतो, असं तिथे होतं. मी माउस काढून खणात ठेवला. दुपारी कॉम्प्युटर जागा. पुढच्या प्रकरणात कीबोर्ड होता. तो मी उशीच्या अभ्र्यात घालून कपाटावर ठेवला. संध्याकाळी कॉम्प्युटर जागा. मग इंटरनेटची वायर काढली. मामला जैसे थे, फक्त दादाच्या मोबाइलला इंटरनेट मिळेना आणि तो माझ्यावर खेकसला.

आता त्या टेबलावर नुसती पेटी आणि पडदा उरले होते. हात नाहीत, पाय नाहीत, आणि तरी तो उठत होता. दगडूकाका म्हणाले, "औताचा बैल पन इतका येळेवर नाय उठत."

तेवढ्यात मधल्या खोलीतून जाताना दादाने ते पाहिलंच. उजळलेला पडदा, घडी घातलेला टॉवेल, समोर भुईवर पुस्तक घेऊन बसलेली मी.

"हे रोज होतं?"

"दोन वेळा," मी म्हणाले. खोटं बोलायला मला तयारीला वेळ लागतो.

"आणि आई इथे एकटी राहणार म्हणतेस? तू शाळेत असताना? झालं, ठरलं. कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी निघायचं."

मग माझा धीर सुटला. पुस्तक मिटलं, भिंतीपाशी गेले आणि कॉम्प्युटरचा प्लग ओढून काढला. पडदा गेला, घरघर गेली. नानांच्या वस्तूवर मी हात उचलल्यासारखं मला झालं. पण दुपार सरली, संध्याकाळ सरली, कॉम्प्युटर उठला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. टॉवेलही जागचा हलला नाही. मी मनातून समाधानी होते.

आणि आईला चक्कर आली.

तांदूळ निवडता निवडता ती भिंतीला टेकली आणि म्हणाली, "घर फिरतंय गं." दादाने तिला धरून कॉटवर आणलं.

"आई, रक्तदाबाच्या गोळ्या घेतेस ना?"

"घेते की. वेळ झाली की घेते."

"मग बरोबर आहे. ह्या घराचाच त्रास होतोय तिला," दादा माझ्याकडे बघून म्हणाला.

"घराचा कसला त्रास? आंबेनळी घाटात सगळी गाडी ओकली, तुझे नानासुद्धा. मला काही झालं नव्हतं," आई पडल्या पडल्या म्हणाली. पण तिचा आवाज बारीक होता. दादाने तिची बॅग माळ्यावरून काढली. तिने ती कोपऱ्यात ठेवलेली पाहिली आणि भिंतीकडे तोंड केलं. मला पहिल्यांदा वाटलं, की हे आपल्या हातून गेलं.

पुण्यानुमोदनाच्या सकाळी घर पांढऱ्या कपड्यांनी भरून गेलं. वंदना लावायची म्हणून मी प्लग लावला, कीबोर्ड-माउस परत आणले. कॉम्प्युटर अपेक्षेप्रमाणे रुसला. मी त्याला चार ठिकाणी चापट्या मारल्या. शेवटी दगडूकाकांनी पाठीवर एक ठेवून दिली आणि तो सुरू झाला. स्पीकरचा प्लग मी नाना गेले त्याच दिवशी काढला होता, पाहुण्यांना मोबाइल चार्ज करायला. तोही लावला.

वंदना उत्तम झाली. मग भाषणं झाली, आणि नानांवर बोलायला सगळ्यांकडे पुष्कळ असल्यामुळे जेवणाची वेळ टळून गेली. शेवटी बौद्धाचार्य बोलायला उभे राहिले. चांगले बोलत होते.

"आपल्या नानांनी आपल्याला हेच शिकवलं, की गेलेला माणूस परत येत नाही, गेलेला माणूस बोलत नाही. मागे राहतात ते त्याचे विचार. आज नाना इथे नाहीत, पण ते असते तर..."

"शेवंता, गोळी घेतलीस का?" नाना म्हणाले.

स्पीकर दमदार होता. मागच्या दारापर्यंत आवाज गेला.

"पाण्याबरोबर घे. चहाबरोबर नाही. मग म्हणतेस चक्कर येते."

आत खिरीचं पातेलं तेवढं उकळत राहिलं. बौद्धाचार्यांचा हात वरच राहिला. दगडूकाका दाराच्या दिशेने बसल्या बसल्या सरकले.

आणि स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "घेते हो, घेते. एकदा सांगितलं की कळतं मला."

मग ती बाहेर आली. हातात पाण्याचा पेला. सगळ्यांदेखत गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली, आणि आमच्या चेहऱ्यांकडे बघून तिला काहीतरी चुकल्यासारखं झालं.

"काय झालं?"

"आई, हे काय आहे?" दादाने विचारलं.

"हे काय म्हणजे? ह्यांनी जायच्या आदल्या दिवशीच लावून ठेवलंय. दुपारी आणि संध्याकाळी. मी विसरते म्हणून."

"पण इतके दिवस आवाज नव्हता."

"आवाज कशाला पाहिजे? पडदा उजळला की मला चुलीपासून दिसतो. कोणीतरी त्याच्यावर टॉवेल टाकत होतं, तो तेवढा काढावा लागायचा. तू प्लग काढलास, सुजा, तेव्हा मला वाटलं, नानांचं काय ठेवायचं आणि काय नाही ते तुम्ही ठरवताय. म्हटलं, नको असेल त्यांना."

"मग सांगायचं नाहीस का?" मी म्हणाले.

"मला विचारायचं नाही असं ठरलंय ना?" आई म्हणाली आणि पेला ठेवायला आत गेली.

बौद्धाचार्यांनी हात खाली घेतला, घसा साफ केला आणि म्हणाले, "तर, मागे राहतात ते विचार." पहिल्यांदा दगडूकाका हसले. मग घर हसलं. नानांच्या फोटोसमोर असं हसणं बरोबर होतं की नाही मला माहीत नाही, पण त्यांच्या व्याख्यानांना कधी एवढी दाद मिळाल्याचं आठवत नाही.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, घर फिरायचं थांबलं. दादा आणखी दोन दिवस थांबला, दोन्ही वेळा नानांना स्वतःच्या कानांनी ऐकलं, बॅग माळ्यावर टाकली आणि एकटाच कल्याणला गेला. जाताना मला बजावून गेला, "कॉम्प्युटरला हात लावायचा नाही."

मी लावत नाही. परवा दुपारी जेवून ते जाडजूड पुस्तक पुढे वाचत पडले होते, ते कधी छातीवर आलं कळलं नाही. अर्धवट झोपेत नानांचा आवाज आला, आईचं "घेते हो" आलं, पेला ठेवल्याचं वाजलं. मग आई पडद्याला सांगत होती ते ऐकू आलं.

"तुम्ही आपले वेळेवर उठता. ही बघा तुमची लेक. सुट्टीभर झोपवायचं कसं ते त्या पुस्तकात शिकत होती. शिकली एकदाची, स्वतःपुरतं."