मेकेदाटूला काही नाही

मेकेदाटूला मी दोनदा गेलो. पहिल्यांदा बायको होती, दुसऱ्यांदा ती नव्हती.

मी चौथी शिकलेला माणूस. बेळगावाकडून आलो आणि यशवंतपूरच्या बाजारात पोती उचलण्यात जन्म काढला. फिरायला जायची आमच्यात रीत नव्हती. पण बनशंकरीतल्या आमच्या गल्लीनं एकदा बस ठरवली आणि बायको हट्टाला पेटली. कावेरी खडकाच्या चिरेत घुसते म्हणे, ते तिला बघायचं होतं.

बस संगमापाशी थांबते. तिथं गुडघाभर पाणी ओलांडायचं आणि पुढं तासभर नदीकाठानं चालायचं. बायकोचे गुडघे गेलेले. अर्ध्या वाटेत ती झाडाखाली टेकली. "स्वल्प थांबा हो, येते मी."

गल्लीतली माणसं थांबायला तयार होती. मीच म्हणालो, "चला रे. तिथनं शेळीनं उडी मारली म्हणून जागेला मेकेदाटू नाव पडलं, आणि आमच्या म्हशीला चालवत नाही." सगळे हसले. तीही हसली. तिला तिथंच सोडून आम्ही पुढं गेलो.

घळ बघितली आणि माझं तोंडच बंद झालं. एवढी थोरली नदी, आणि जागा हातभर. पाणी खाली काळं-हिरवं गरगरतंय. खडक असे, जशी कुणी कणीक बोटांनी दाबून ठेवली. जो तो आपल्या बायकोला हाका मारत होता, "इकडं ये, हे बघ." मला हाक मारायला कुणी नव्हतं, आणि त्याचा राग मला तिच्यावरच आला.

परत येऊन तिला म्हणालो, "काही नाही तिथं. दगड आणि पाणी. आली नाहीस तेच बरं."

"खरंच?"

"मग काय खोटं सांगतोय?"

तिचा विश्वास बसला. माझ्यावर तिचा बसायचाच.

ती गेली गेल्या पावसाळ्यात. यंदा उन्हाळ्यात पोरगी म्हणाली, "अप्पा, घरात कुजत बसू नका, चला." पोरगी जयनगरला असते, कंप्युटरच्या कंपनीत. माझ्या घरची कडी तेव्हा तीच तेवढी वाजवायची, जेवणाचा डबा घेऊन. आम्ही दोघंच गेलो.

घळीपाशी ती खूप वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "आईला मी तीनदा म्हटलं होतं, मी नेते, लागलं तर पाठीवर घेते. ती म्हणायची, तिथं काही नाही गं, तुझ्या अप्पांनी बघितलंय. एवढं सगळं तुम्हाला दिसलं नाही?"

नजर कमी होती, असं म्हणता आलं असतं. खरं बोललो तर ही पण तुटेल, हे कळत होतं. तरी बोललो.

"दिसलं होतं. खोटं सांगितलं तिला."

"का?"

"तिच्या गुडघ्यांचा राग आला होता."

पोरगी म्हणाली, "दवाखान्यात आम्ही यादी केली होती, बरी झाल्यावर कुठं कुठं जायचं. मी हे नाव लिहिलं, आणि आईनं स्वतः ते खोडलं."

 

परत येताना ती पुढं, मी मागं. पाण्यात शेवाळ होतं. मी हात पुढं केला. तिनं मनगट धरलं, चोराचं धरतात तसं, आणि पलीकडं नेऊन सोडून दिलं.

जेवणाचा डबा अजून येतो. ऑटोवाल्याच्या हातून पाठवते.