हंड्यामागचा राउटर

बाळांनो, गेल्या रविवारी थोरलीने फोनवर विचारलं, "आजी, तुझ्या मागचं कॅलेंडर कुठे गेलं? तिथे तो पांढरा बॉक्स का लटकतोय?" मी म्हटलं, असंच. ते उत्तर अर्धवट होतं आणि मला आठवडाभर टोचत राहिलं, म्हणून खरं काय ते लिहून ठेवते. बाबा तुम्हाला वाचून दाखवेल. त्यालाही यातलं थोडंच माहीत आहे.

तुम्ही रविवारी सकाळी साडेसातला फोन करता. तुमच्याकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असते. मी आंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून सातलाच स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसायचे, कारण तिथे उजेड चांगला पडतो. पण गेलं वर्षभर दोन मिनिटांत तुमची तोंडं थिजायची. धाकटी म्हणायची, "आजीचा पुतळा झाला." मग बाबा म्हणायचा, "आई, आज तुझी रेंज नाही. नंतर करतो." आणि तुम्ही शीवच्या आजीला फोन लावायचात.

शीवची आजी म्हणजे तुमच्या आईची आई, माझी विहीण. भली बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे त्यात ते फारसं दिसणार नाही.

दर सोमवारी तिचा मला फोन यायचा. "काल तास कसा गेला कळलंच नाही हो." एका सोमवारी म्हणाली, "धाकटीचा दात पडला बरं का. जीभ बाहेर काढून खिडकी दाखवली मला." मी म्हटलं, "हो, कळलं मला." कळलं कुठलं. फोन ठेवला आणि दुपारी मला जेवण गेलं नाही. पहिला दात एकदाच पडतो, आणि तो शीवने पाहिला.

मी जन्मभर कॉलेजच्या लायब्ररीत काम केलं. गोष्ट सापडत नसेल तर आधी तिची जागा तपासायची, ही माझी सवय. वही घेतली, मोबाइल हातात धरला आणि घरभर फिरले. हॉलमध्ये दोन रेघा, पॅसेजमध्ये दोन, स्वयंपाकघराच्या दारात एक, माझ्या खुर्चीवर कधी एक, कधी शून्य. तुमचे आजोबा पेपरामागून म्हणाले, "रेंज मोजतेस की भूत शोधतेस?" राउटर बंद करून, तीस आकडे मोजून पुन्हा चालू केला. मोबाइलवर राउटरची दोन नावं दिसतात. त्यातलं शेवटी पाचचा आकडा असलेलं सोडून दुसरं धरायला बाबाने सांगितलं. ते हळू असतं, पण भिंतीतून पार जातं म्हणे. चार दिवस बरे गेले, रविवारी पुन्हा पुतळा.

मग मी भिंतींना दोष दिला. ठाकूरद्वारच्या आमच्या इमारतीच्या भिंती हातभर जाड आहेत. शीवची इमारत नवी, तिथे शेजारच्यांची शिंकसुद्धा ऐकू येते. वर्षानुवर्षं मी त्या पातळ भिंतींना नावं ठेवली होती. आता मला त्यांचाच हेवा वाटायला लागला.

बाबाने एकदा विचारलं होतं, "आई, राउटर उघड्यावर आहे ना?" मी म्हटलं, "आहे की. हॉलमध्ये, फळीवर." ते खरंच होतं. पण त्या फळीवर माझ्या सासूबाईंची पितळेची भांडी ओळीने मांडलेली असतात. मोठा हंडा, कळशी, दोन घागरी, मागे उभी केलेली परात, सगळं चिंचेने घासून लख्ख. राउटर बसवला त्या दिवशी त्या वायरी आणि लुकलुकणारे दिवे मला बघवेनात. म्हणून तो मी हंड्याच्या मागे ठेवला आणि वर क्रोशाचा रुमाल घातला. पितळ आडवं येत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

चैत्राच्या हळदीकुंकवाला विहीण आली. आंब्याची डाळ खाल्ली, पन्हं हातात घेतलं आणि झोपाळ्यातल्या गौरीचा फोटो तुम्हाला पाठवायला लागली. "तुमच्याकडून जातच नाही हो फोटो. राउटर आहे कुठे?" मी फळीकडे बोट केलं. तिने पन्ह्याचा पेला खाली ठेवला, दोन्ही हातांनी हंडा बाजूला केला आणि रुमाल उचलला.

"अगं बाई. विहीणबाई, याला तर तुम्ही गोषात बसवलंय."

"तुमचा कुठे असतो?"

"हॉलच्या मधोमध, खिळ्याला. वायर लोंबते, दिसतं गचाळ. पण मुलं दिसतात."

माझ्या खुर्चीमागच्या दारातून दिसणारं पॅसेजमधलं कॅलेंडर तिनेच काढलं आणि त्या खिळ्याला राउटर अडकवला. वायर जेमतेम पुरली. फोटो लगेच गेला. तुमचं उत्तर आलं ते तिच्या फोनवर. आभार मानावेत असं मला त्या क्षणी वाटलं नाही. मी एवढंच म्हटलं, "तुमच्या जावईबापूंना सांगू नका." ती म्हणाली, "छे हो."

रविवारी बाबाचं पहिलं वाक्य, "काय आई, हंडा हलवला का?"

पण त्या रविवारी तुम्ही थिजला नाहीत. धाकटीने ओठ वर करून दाखवलं, खिडकीत नव्या दाताचं टोक आलं होतं. आपण तासभर बोललो आणि बोलता बोलता ती झोपून गेली. शीवला फोन गेलाच नाही.

सोमवारी विहिणीने विचारलं, "काल मुलांचा फोन नाही आला हो. तुम्हाला आला होता?"

"आला होता. नवा दात दाखवला."

ती जरा थांबली. "बरं झालं. तुम्हाला दिसला."

जिंकल्यासारखं वाटलं, नाही म्हणत नाही. दोन मिनिटं वाटलं. मग तिचा तो थांबलेला आवाज दिवसभर कानात राहिला, कारण तसं थांबणं मला वर्षभर पाठ होतं. संध्याकाळी मी बाबाला निरोप पाठवला, माझ्याशी अर्धा तास, मग शीव. तुम्हाला वाटतं तो नियम त्याचा आहे. तो माझा आहे.

कॅलेंडर आता स्वयंपाकघराच्या दारामागे आहे. हंडा फळीवरच आहे, त्याच्यामागची जागा रिकामी आहे. राउटरची वायर पॅसेजमध्ये लोंबते आणि मी ती लोंबू देते. अर्धा तास संपत आला की मी घड्याळाकडे बघते. हेवा थोडा अजून आहे.