विश्रांतीच्या बाकावरची पास्टी

माझं नाव आयला, आणि टिल्डा काँगास माझी मामेबहीण. कॉलेजच्या वसतिगृहात आम्ही एकाच खोलीत राहायचो. त्या वर्षी जेवताना मला शार्कच्या हृदयाबद्दल इतकं ऐकावं लागलं की शार्क खाणारे लोकही एवढं ऐकत नसतील.

"अगं आयला, वटवाघळाचा पंख म्हणजे आपला हातच!" ती काटा नाचवत ओरडायची. "तीच हाडं गं! बोटं तेवढी ताणलीत! वेड लागेल असं आहे हे!"

"लागेल कसलं, लागलंय. सूप पी."

मी हिशेबशास्त्र शिकत होते. ताळेबंद जुळला म्हणून कुणी काटा नाचवत नाही. खरं सांगते, मला तिचा हेवा वाटायचा.

टिल्डाला डॉक्टर व्हायचं होतं, आणि तेही आमच्याच गावात. अमेरिकेच्या उत्तरेला, सुपीरियर सरोवराच्या काठचं आमचं गाव हिवाळ्यात बर्फाखाली गुडूप होतं. तिथला दवाखाना बंद झाल्यापासून दुखलंखुपलं की शहर गाठावं लागायचं. वेस मामा, म्हणजे टिल्डाचे वडील, बर्फ काढायची गाडी चालवतात. वादळात कुणाला इस्पितळात न्यायचं असलं की ॲम्ब्युलन्सच्या पुढे मामा बर्फ ढकलत जायचे. लहानपणी कितीदा तरी टिल्डा त्यांच्या शेजारी बसून मागचा लाल दिवा बघत गेली होती.

आमच्याकडे डॉक्टरकी पदवीनंतर सुरू होते, आणि मेडिकल कॉलेजं पदवीला मुख्य विषय कोणता घेतला हे फारसं विचारत नाहीत, ग्रेड बघतात. म्हणून आमच्याकडचे हुशार प्रीमेड, म्हणजे डॉक्टरकीची तयारी करणारी पोरं, सोपा विषय घेतात आणि ए ग्रेडची रास रचून ठेवतात. जीवशास्त्र घ्यायचं तर 'तुलनात्मक शरीररचना' आलीच, आणि तो अभ्यासक्रम पोरांना चाळणीतून काढण्याबद्दल प्रसिद्ध होता. जमतं का ते बघायला टिल्डा मुद्दाम आधीच त्या वर्गात जाऊन बसली होती. मुख्य विषय जाहीर करायची मुदत शुक्रवारी संपत होती.

"आरोग्य-संवाद घे, राणी," सल्लागार कोवाल्स्कीबाई तिला म्हणाल्या. "पोस्टर करायची, भाषणं द्यायची. ए कुठे जात नाही. बेडकाच्या नसा मोजून कुणी डॉक्टर झालंय?"

टिल्डाने मग स्वतःशीच पैज लावली. बुधवारच्या शरीररचनेच्या प्रात्यक्षिकात बी मिळाला तर जीवशास्त्र, त्याखाली घसरली तर पोस्टर.

ही परीक्षा म्हणजे सर्कस असते. टेबलाटेबलावर हाडं, हृदयं, चिरलेली मांजरं, आणि प्रत्येकात टोचलेली एक टाचणी. टाचणी कशात आहे ते ओळखायचं, लिहायचं, घंटा वाजली की पुढच्या टेबलावर. मधेच एकदा बाहेर व्हरांड्यात यायचं. तिथे एक बाक असतो, विश्रांतीचा. बसायचं, श्वास घ्यायचा, घंटा झाली की परत आत. त्या बाकाला नंबरही नसतो.

टिल्डा परीक्षेहून आली ती उड्या मारतच. "सगळं आलं! आयला, सगळं! फक्त ते लोक कागद नीट छापत नाहीत. एक ओळ कमी होती, शेवटचं उत्तर मला समासात लिहावं लागलं."

गुरुवारी निकाल लागला. सी.

ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. मी कॉफी केली, ती गार झाली. मला भयंकर राग आला, कुणाचा ते कळत नव्हतं. अर्ध्या गुणासाठी प्राध्यापकांच्या दारात ठिय्या देणं हा प्रीमेडांचा कुळाचार आहे, आणि ही गुपचूप पोस्टरं करायला निघाली होती. शुक्रवारी सकाळी मीच तिचं पांघरूण ओढलं. "ऊठ. भांडायला चल."

शरीररचना शिकवणारे ट्रेव्हॅरो सर म्हणजे पांढऱ्या मिशांचा, सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी टिल्डाचा कागद टेबलावर ठेवला आणि बोट टेकवलं. "हे काय लिहिलंय, वाच जरा मोठ्याने."

टिल्डाने वाचलं, "गाय. शिजवलेला स्नायू. सोबत सलगम."

"हे कशाबद्दल?"

"व्हरांड्यातल्या बाकावर होतं ते, सर. कागदात गुंडाळलेलं. मला वाटलं, टाचणी आत असेल."

"ती माझी पास्टी होती," सर म्हणाले. "माझं दुपारचं जेवण. मी विसरलो होतो."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं, नाहीतर तिथेच हसू फुटलं असतं. आमच्याकडे पास्टी म्हणजे मांस, बटाटा, सलगम भरलेली भलीमोठी करंजी. पाळण्यातलं पोरही ती ओळखतं. आणि या बयेने विश्रांतीच्या बाकाचंही उत्तर लिहिलं होतं! त्यामुळे पुढचं प्रत्येक उत्तर एकेक ओळ खाली सरकलं होतं. हृदयाच्या जागी मणका, मणक्याच्या जागी यकृत.

टिल्डाचा चेहरा उजळला. "म्हणजे उत्तरं बरोबर आहेत! सर, मग गुण?"

"गुण बदलणार नाहीत."

"असं कसं?" हे मी म्हणाले, माझा काही संबंध नसताना.

सर माझ्याकडे न बघता टिल्डाशी बोलले. "उद्या वॉर्डात तू अचूक औषध काढशील, आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला देशील. चालेल?"

टिल्डा कागदावरच्या सरकलेल्या ओळींवरून बोट फिरवायला लागली. तिचे कान लाल झाले होते. मला वाटलं, झालं, गेली ही पोस्टरांकडे.

मग तिने हळूच विचारलं, "पण सर, ओळ सोडली तर? उत्तरं सगळी बरोबर होती?"

"सगळी. वर्गात आणखी कुणाचीही नव्हती." मिशीखाली ते हसले. "सलगमसुद्धा बरोबर."

आणि टिल्डा हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "सी राहू दे सर," ती म्हणाली. "मला हेच शिकायचंय." मग माझा हात धरून ती जिन्यावरून धावत सुटली. बर्फाच्या चिखलात दोनदा घसरून आम्ही मुदतीआधी कचेरी गाठली. जीवशास्त्र! तिने एवढ्या मोठ्याने सांगितलं की कारकून दचकला. मी तर आनंदाने नाचतच होते, जणू विषय मलाच मिळाला होता.

"सी घेऊन जीवशास्त्र?" कोवाल्स्कीबाईंनी कपाळाला हात लावला. फोनवर वेस मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पास्टी कुणी खाल्ली मग?"

महिनाभराने पुढचं प्रात्यक्षिक आलं. तिला आणायला म्हणून मी व्हरांड्याच्या टोकाशी उभी होते. बाकावर कागदात गुंडाळलेली पास्टी होती, वाफ येत होती, आणि तिच्यात बरोबर मधोमध एक टाचणी टोचलेली होती. घंटा वाजली, टिल्डा बाहेर आली. तिने टाचणी पाहिली. हातातला कागद पाहिला, पुढच्या टेबलाच्या ओळीवर बोट ठेवलं.

मग पेन्सिल कानावर खोचली, टाचणी उपटून बाजूला ठेवली आणि घंटा होईपर्यंत आरामात बसून पास्टी खाल्ली.