शून्यसरांची वही

आमच्या शून्यसरांना देव, बायको आणि प्राचार्य यांच्यापेक्षा एका मशीनचा धाक जास्त होता. कोल्हापुरातल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते लॅब सांभाळायचे आणि तिथला व्हेक्टर नेटवर्क अॅनलायझर म्हणजे त्यांचा जीव. सर्किटात सिग्नल सोडायचा, किती पलीकडे गेला नि किती परत आला ते पडद्यावर दाखवायचं, हे त्याचं काम. अॅम्प्लिफायर असला तर त्याला जागं करणारं बायस व्होल्टेजही त्याच केबलमधून जायचं. म्हणून सरांचा एकच मंत्र: "आधी शून्य! मग जोडा, मग सावकाश वाढवा." मुलीच्या लग्नात माईक जोडणाऱ्यालाही त्यांनी, मंगलाष्टकं थांबवून, "आवाज आधी शून्य कर की!" म्हणून झापलं होतं.

दुसरा मंत्र वहीचा. रीडिंग देखणं करायला आकडा बदलला की मेलात. "दिसलं ते लिवायचं. मशीन कुणाचं पावणं न्हाय." कुणी जोडलं, काय जळलं, सगळं त्या वहीत.

मी चांदीकामाच्या हुपरीची. घुंगरांना डाग देऊन सांधायला शिकलेल्या हातांनी शेवटच्या वर्षी मी अॅम्प्लिफायरचा नखाएवढा बोर्ड तयार केला. ट्रान्झिस्टर एकच होता, दुसरा मिळायला महिना लागणार होता. परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक लॅबच्या दारात बूट काढत होते. साहेब आत येण्याआधी पडद्यावर वक्ररेषा तयार असावी म्हणून सरांनी माझ्या हातातून बोर्ड घेतला नि मशीनला खटकन जोडला. व्होल्टेज आदल्या प्रयोगाचं, तसंच चढलेलं. ट्रान्झिस्टर जळला, रेघ आडवी झाली ती झालीच.

"कुणी जोडलं?" परीक्षकांनी आत येऊन विचारलं.

मी सरांकडे बघितलं. सरांनी मशीनकडे बघितलं.

"पोरं घाई करत्यात, सायेब."

माझा पहिला वर्ग गेला. बाबांना काय सांगायचं, याची जुळवाजुळव करत मी हुपरीच्या एसटीत रडले. सरांचा आला तितका राग मला पुन्हा कुणाचा आला नाही.

पुढे पडत-झडत शिकून मी त्याच लॅबमध्ये शिकवायला लागले. निवृत्त होताना सरांनी किल्ल्या दिल्या, वर ती वही. म्हणाले, "वाच कवातरी." त्याच संध्याकाळी मी ते पान काढलं. सुबक अक्षरात लिहिलं होतं: "व्होल्टेज शून्य न करता मी जोडले. मुलीची चूक नाही." खाली सही. दिसलं ते लिहिलं होतं गड्यानं, फक्त जिथं कुणी वाचणार नाही तिथं!

अजूनही महिन्या-दोन महिन्यांनी सर चहाला येतात. बूट दारात काढतात, व्होल्टेज शून्यावर आहे ना ते वाकून बघतात. मग कपाकडे बघत विचारतात, "वही वाचलीस का गं?"

"नाही सर. वेळच मिळत नाही."

एकदा तोंडानं 'मी जोडलं' म्हणू दे की! सर मान हलवतात, चहा संपवतात आणि पुढच्या महिन्यात परत येतात. मी वाट बघते.