‘येतो’ म्हणून गेलेला भाडेकरू

आमच्या बाभुळगावातली हुस्नाबी. मुलगी सासरी गेली, घर खायला उठलं, म्हणून मागच्या खोलीत तिला सोबतीपुरता भाडेकरू पाहिजे होता. पण पारखल्याशिवाय ती कोणाला हो म्हणत नसे.

एक मास्तर तिला पसंत पडला. खोली पाहून तो “बरं, येतो चाची,” म्हणाला आन् गेला. तेव्हापासून बाईच्या पायाला भिंगरी! फाटकापाशी जाय, परत ये. विचारायला आलेली दोन माणसं तिनं परत पाठवली. शेवटी मलाच धरलं, “बापूजी, तो येतो म्हणला, ते राह्याले येतो का निस्तं जातो?”

“आपल्याकडे जानारा येतोच म्हनते न, बाई!”

“मंग मी वाट कोनाची पाहून राह्यली?”

तेवढ्यात दवाखान्यातली नवी नर्स अर्पिता खोली विचारत आली. हुस्नाबीनं गाव, घर, सवयी सगळं खोदून विचारलं. दोघींचं जमलं.

“येते चाची,” पोरगी निघाली.

“थांब! कोनतं येते?” हुस्नाबी दारात आडवी.

पोरगी गोंधळली. मी मास्तराचं सांगितलं तशी खो खो हसली, पिशवीतून आपलं कुलूप काढलं आन् खोलीला लावून टाकलं.

“आता खुशाल जाते म्हन, बेटी,” हुस्नाबी म्हणाली.