जखम गप्प का होती

“आजी, हा कॅन्सर आहे,” डॉक्टर म्हणाले.

मी विचारलं, “कशाचा?”

“कातडीचा.”

मला खरं वाटलं नाही. कॅन्सर पोटात होतो, छातीत होतो, तंबाखूने तोंडात होतो, एवढं ऐकून होते. कातडीला खरूज होते, गजकर्ण होतं. कातडी म्हणजे वरचं पांघरूण. तिलाही असलं मोठं दुखणं होतं, हे मला सत्तरी उलटल्यावर सांगलीच्या दवाखान्यात कळलं. शेजारी माझी मुलगी शालन रडायला लागली. तिला मी बाहेर बसायला सांगितलं. मला डॉक्टरांना बरंच विचारायचं होतं आणि तिच्या रडण्यात काही ऐकू येत नव्हतं.

रोगाचं नाव स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी बिघडतात आणि वाढतच राहतात. माझा रोग बायोप्सीने कळला. बायोप्सी म्हणजे जखमेचा छोटा तुकडा काढून तपासणं. आधी जागा बधिर करतात, सुई टोचते तेवढंच कळतं. तिला भिऊन कुणी घरी बसू नये.

हे झालं कसं ते सांगते. मी वडूजकडची. आमचं घराणं मेंढरांमागे फिरणारं, पुढे शेतीला लागलं. लग्न झाल्यापासून मी नऊवारी लुगडं नेसते. गाठ उजव्या बाजूला, कमरेच्या हाडावर. आमच्याकडे पहिल्या बाळंतपणानंतर सासू सांगते, कंबर आवळून बांध, नाहीतर पोटात वारं शिरेल. पुढे ज्वारी काढताना, डोक्यावर भारा घेताना तीच सवय राहते. गाठ घट्ट असली की अंगात जोर येतो असं वाटतं. त्यात माझ्या कनवटीला, म्हणजे कमरेला खोचलेल्या घडीत, तंबाखूची चंची आणि चुन्याची डबी. पन्नास वर्षं तेच हाड आणि तीच गाठ. तिथलं कातडं आधी काळं पडलं, मग मधे मधे पांढरं झालं. सगळ्याच बायकांचं काळं पडतं, म्हणून कुणी बघत नाही.

मग तिथे खपली धरायला लागली. निघायची, परत धरायची. मी चुना लावला. लुगडं घासतं म्हणून चिंधीची घडी ठेवली आणि गाठ आणखी घट्ट बांधली, म्हणजे कापड हलणारच नाही. दुखत नव्हतं, सूज नव्हती, आजूबाजूला लालीही नव्हती. शेरडामेंढरांची जखम अशी गप्प झाली की आम्ही तिला बरी होत आली म्हणतो. मीही तेच समजले.

तासगावला शालनकडे राहायला गेले होते. ती बेदाण्याच्या शेडवर कामाला जाते. सुट्टीच्या दिवशी तिने माझं लुगडं धुवायला घेतलं तर त्यावर रक्ताचा डाग. तिने मला दारातल्या उन्हात उभं केलं आणि गाठ सोडायला लावली. जखम रुपयाएवढी झाली होती. कडा उचललेल्या, मधला भाग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा. दुसऱ्या दिवशी आम्ही सांगलीला गेलो.

डॉक्टरांनी मला गाठ कशी बांधते ते करून दाखवायला सांगितलं. म्हणाले, घट्ट धोतर नेसणाऱ्यांना आणि परकराची नाडी आवळणाऱ्या बायकांनाही असं झालेलं आहे. वर्षानुवर्षं घासलेली जागा कधीकधी बिघडते. कधीकधी म्हणाले, हे लक्षात ठेवा. प्रत्येक काळा वळ म्हणजे कॅन्सर नव्हे.

उपाय एकच सांगितला, ऑपरेशन. वाइड एक्सिजन, म्हणजे जखमेबरोबर भोवतीचं चांगलं दिसणारं कातडंही कापून काढायचं. मग स्किन ग्राफ्टिंग, म्हणजे मांडीचं पातळ कातडं सोलून तिथे लावायचं. शिवाय जांघेत अवधाण होतं, म्हणजे सुजलेली गाठ. तीसुद्धा काढून तपासायची. त्यात रोग उतरला असेल तर पुढचं मोठं ऑपरेशन, आणि पाय कायमचा सुजण्याची भीती.

तासगावला परत आलो तर माझे दीर बापू गावाहून येऊन बसले होते. बापू माझ्याहून चारेक वर्षांनी लहान. सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. “वयनी, तरण्या माणसाचं रगत गरम, त्येचा रोग पळतो. आपलं रगत थंड. आपल्याबरुबर रोग बी म्हातारा हुतो. या वयात कशाला चिरफाड? दुखत न्हाई, खुपत न्हाई. ऱ्हाऊ द्या तसंच.”

शालनला ते पटलं. खरं सांगायचं तर मलाही अर्धं पटलं. मरणाची मला घाई नव्हती आणि भीतीही नव्हती, पण उगाच कापून घ्यायची हौस कुणाला असते? फक्त एक गोष्ट डोक्यात घोळत होती. रोग म्हातारा असता तर खपलीचा रुपया झाला कसा?

म्हणून ऑपरेशनची तारीख घ्यायच्या ऐवजी मी परत डॉक्टरांपुढे जाऊन बसले. विचारलं, “माझं शरीर म्हातारं, मग त्यातला रोग तरणा कसा?”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी बाहेरच्या पेशंटना थांबायला सांगितलं आणि मला समजावलं. शरीराची इम्युनिटी म्हणजे प्रतिकारशक्ती. रक्तात पांढऱ्या पेशी राखण करत फिरतात. त्यातल्या काहींना टी सेल म्हणतात. बिघडलेली पेशी दिसली की त्या तिला मारतात. तरुणपणी अशा कितीतरी बिघडलेल्या पेशी आपल्याला न कळता मरत असतील. या टी सेल तयार होतात थायमस नावाच्या ग्रंथीत. ती छातीच्या हाडामागे असते. लहान मुलात मोठी असते, वय वाढेल तशी आटत जाते आणि तिथे चरबी होते. म्हणजे नवे राखणदार फारसे तयार होत नाहीत, जुनेच काम ओढतात.

मी छातीला हात लावून बघितला. दात गेले तेव्हा कळलं, नजर अधू झाली तेव्हा कळलं. हे मात्र न सांगता गेलं होतं.

मी म्हणाले, “म्हंजे कळपावरचं कुत्रं म्हातारं होऊन झोपलंय.”

ते म्हणाले, “झोपलं नाही आजी, त्याला ओळखू येत नाही. कॅन्सरची पेशी बाहेरून आलेली नसते, ती घरचीच असते. तरुण राखणदारालाही ती ओळखणं अवघड जातं. म्हाताऱ्याला जास्त.” मूत्रपिंड बदललेल्या माणसांचंही त्यांनी सांगितलं. त्यांना प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं घ्यावी लागतात, आणि मग त्यांच्यात वय कमी असूनही कातडीचे कॅन्सर जास्त दिसतात. म्हणजे राखण गेली की रोगाला मोकळं रान.

मी म्हणाले, मला दाखवा. काय दाखवू, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, माझे राखणदार दाखवा.

आता मात्र ते हसले, पण मला तपासणीच्या खोलीत घेऊन गेले. तिथे मायक्रोस्कोप होता, म्हणजे बारीक वस्तू मोठी करून दाखवणारी दुर्बीण. माझ्या जखमेचा तुकडा काचेवर चिकटवलेला. आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग डोळा बसला. गुलाबी रान, त्यात जांभळे पुंजके वेडेवाकडे खाली उतरलेले. ते पुंजके म्हणजे रोग. लांब कडेला निळे ठिपके होते, थोडेसे, पांगलेले. ते माझे राखणदार. मग डॉक्टरांनी तशाच रोगाची दुसऱ्या कुणा तरुण माणसाची काच लावली. तिथे निळ्या ठिपक्यांनी जांभळ्या पुंजक्याला चहूबाजूंनी घेरलं होतं, बाजारात चोर सापडल्यावर घेरतात तसं.

डॉक्टर म्हणाले, दोन काचांवरून नियम करू नका, काही म्हाताऱ्यांत गर्दी दिसते आणि काही तरण्यांत दिसत नाही. पण तुमच्या जखमेला सूज नव्हती, लाली नव्हती, त्याचं एक कारण हे असावं. तिथे लढाईच झाली नाही.

मी परत माझी काच लावायला सांगितली आणि पुष्कळ वेळ बघत बसले. मी शांतता समजत होते ती अशी होती.

मग मी डॉक्टरांना म्हणाले, “आतनं कुणी येणार न्हाई, तर तुमीच या. कवा कापताय?”

बापू सोबत आले होते, त्यांनी बाहेर बाकावर पुन्हा विषय काढला. वयनी, अजून विचार करा, म्हणाले. मी म्हणाले, विचारच करून आले. चौथीपर्यंत शिकले आहे, कागदावर सही माझी मीच केली.

ऑपरेशनला पाठीच्या मणक्यात सुई देतात. कमरेखालचं अंग आपलं राहत नाही, पण जीव जागा असतो. मी वर टांगलेल्या दिव्यात काय दिसतंय ते बघायचा प्रयत्न केला, तर त्यांनी झोपेचं इंजेक्शन दिलं. कमरेपेक्षा मांडी जास्त दुखली, हे आधी माहीत असलेलं बरं. कातडं काढलेली जागा भाजल्यासारखी आग करते. म्हाताऱ्या अंगाची जखमही सावकाश भरते, तेव्हा शेजारच्या खाटेवरची बाई आधी घरी गेली म्हणून मन खट्टू करू नये.

खरं अवघड होतं ते अवधाणाच्या रिपोर्टची वाट बघणं. जांघेत रोग निघाला तर मोठं ऑपरेशन, सुजलेला पाय, आणि मग मला शेताच्या बांधावर कुणीतरी धरून न्यावं लागणार. शालन देवाला काय काय बोलली ते तिलाच माहीत. मी डोळे मिटले की त्या निळ्या ठिपक्यांना हाका मारायचे. उपयोग नसतो हे कळत होतं, तरी मारायचे.

रिपोर्ट घेऊन डॉक्टर स्वतः आले. “अवधाणात कॅन्सर नाही. घाणेरड्या जखमेमुळे ते सुजलं होतं. कापलेल्या कडाही साफ आहेत.” शालन पुन्हा रडली. या वेळी मी तिला बाहेर पाठवलं नाही.

डॉक्टरांनी बजावलं की दर तीन महिन्यांनी दाखवायला या. आतली राखण पातळ आहे, तेव्हा वरून डोळ्यांनी राखण करायची. आता शालन महिन्यातून एकदा मला उन्हात उभी करून पाठ, कंबर, जांघ बघते. मी लुगडं सैल नेसते आणि गाठीची जागा बदलते. पोटात वारं शिरलं नाही. चंची पिशवीत गेली. तंबाखू सोडायलाही सांगितलं होतं, ती अजून सुटलेली नाही, खोटं कशाला लिहू.

त्या डॉक्टरांचे माझ्यावर उपकार आहेत. ऑपरेशन दुसऱ्या कुणीही केलं असतं. चौथी शिकलेल्या म्हातारीला काच दाखवायला दुसरा कुणी थांबला असता की नाही, सांगता येत नाही.

गावी आल्यावर एके दिवशी बापू आले. चहा पिऊन झाला तरी उठेनात. शेवटी भिंतीकडे तोंड करून त्यांनी धोतर जरा खाली सरकवलं. “वयनी, हितं बगा जरा. लय दिस झालं, जात न्हाई.”

कमरेच्या वळावर लालसर चट्टा होता. मी सांगलीला चला म्हणाले. ते म्हणाले, “आता या वयात?”

“या वयात म्हणूनच, भावजी.”

सकाळच्या एसटीने गेलो. त्यांचा नुसता नायटा निघाला. डॉक्टरांनी मलम दिलं आणि धोतर सैल नेसा म्हणून सांगितलं. येताना विट्यापर्यंत बापू कुरकुरत होते, फुकट खेप झाली म्हणून.

मी म्हणाले, “अशी फुकट खेप मी वेळेवर केली असती, तर माझ्या मांडीचं कातडं मांडीलाच ऱ्हायलं असतं.”