पाणकोटावरची हाळी

आधीच सांगते, मी एसटीत कंडक्टर आहे. दिवसभर माणसांत असते, आणि माणसांनी सांगितलेल्या भुताखेतांच्या गोष्टी इतक्या ऐकल्यात की माझा त्यांच्यावर कधीच विश्वास बसला नाही. कुणाला वडाखाली बाई दिसते, कुणाच्या गाडीवर मागं कुणीतरी येऊन बसतं... आणि ज्याला दिसतं तो नेमका त्याच दिवशी पावशेर मारून आलेला असतो! अशांना मी "पुढं सरका" म्हणून मोकळी व्हायचे.

या ग्रुपवरचे अनुभवसुद्धा मी जेवणाच्या सुट्टीत हसायला वाचायचे. रागावू नका. आज स्वतःच लिहायला बसलेय, तेव्हा माझ्यावर हसायचा तुम्हालाही हक्क आहे. फक्त 'ताई, भास झाला असेल' एवढं लिहू नका. ते मी स्वतःला रोज सांगून बघितलंय.

धाराशिव जिल्हा, वाशी तालुका, तेरखेड्यापासून थोडं आत आमचं गाव. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर उद्याच पोरं व्हिडिओ काढायला हजर होतील. आमच्याकडं समुद्र नाही, पण किल्ला मात्र पाण्यातला आहे. तलाव झाला तेव्हा नदीकाठचा जुना, लढाईच्या काळातला कोट तीन बाजूंनी पाण्यात गेला. पावसाळ्यात लांबून बघितलं तर कोकणातला जलदुर्ग कुणीतरी उचलून इकडं आणून ठेवलाय असं वाटतं. लोक त्याला पाणकोट म्हणतात. निजामाच्या राज्यात तिथं शिपायांचं ठाणं होतं म्हणे. पोलीस ॲक्शनच्या वेळी ते उठलं, आणि तेव्हापासून तो ओसाड आहे. पडका दरवाजा, तट, बुरूज आणि मधोमध जमिनीत अर्धं गाडलेलं दारूकोठार. दारू म्हणजे तोफेची, आमच्या प्रवाशांची नव्हे.

उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की एका बाजूनं चालत जायची वाट उघडी पडते. आत ओल असते, त्यामुळं सगळं रान करपलेलं असताना पाणकोटात गवत मिळतं. म्हणून माझे सासरे मेंढरं घेऊन तिकडं जायचे. आमचं घर मेंढपाळांचं. माझे मिस्टर साखर कारखान्यात आहेत, मी एसटीत, पण मामांनी (सासऱ्यांना मी मामा म्हणते) मेंढरं सोडली नाहीत. त्यांना शुगर आहे, वय सत्तरीच्या पुढं, तरी सकाळी गोळी घेतली, भाकरी बांधली, खांद्यावर घोंगडं टाकलं की निघाले. बोलायला गेलं तर म्हणायचे, "पोरी, तू तुझी बस सांभाळ. माझी बस चार पायांची हाय, तिला डिझेल लागत न्हाय."

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यात प्रत्येक मेंढपाळाची स्वतःची हाळी असते. हाळी म्हणजे कळपाला मारायची हाक. मामांची हाळी अशी — आधी जिभेची टकटक, मग लांब ओढलेलं "हिर्र्यो", आणि शेवटी एक आखूड शीळ. एकाची हाळी दुसरा कुणी देत नाही, पोटचा मुलगासुद्धा नाही, कारण मेंढरं गोंधळतात. आणि मालकाची हाळी आली की मेंढरू तोंडातलं गवत टाकून मान वर करतं. यात फरक नाही. तेरखेड्याकडं फटाक्यांचे कारखाने आहेत, तिथं दिवसा फटाके वाजवून बघतात, त्या आवाजानं आमची मेंढरं कानसुद्धा हलवत नाहीत. पण मामांनी हळू जरी टकटक केली तरी सगळ्या माना वर!

घरच्यांना सवय अशी की हाळी ऐकली, की उलट ओरडायचं नाही. कळप बिथरतो. मुकाट्यानं आवाजाच्या दिशेनं चालत जायचं. हीच सवय त्या दिवशी आमच्या मुळावर आली होती.

वैशाखातली गोष्ट. सकाळची फेरी करून मी घरी आले तर सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"ह्ये अजून आलं न्हाईत गं. ऊन चढायच्या आत मेंढरं तळ्यावरनं माघारी आणत्यात. फोन बी हितंच चार्जिंगला हाय."

"आत्या, येतील हो. बसले असतील सावलीला," मी म्हटलं खरं, पण युनिफॉर्मसुद्धा बदलला नाही. शुगरचा माणूस, असलं ऊन... मिस्टरांची कारखान्याला सुट्टी होती. त्यांना झोपेतून उठवलं आणि आम्ही गाडीवरून तलाव गाठला. पुढं गाडी जात नाही. वाळलेल्या चिखलाच्या भेगांवरून चालत पाणकोटात शिरलो.

दरवाजाच्या आत बाभळीला मामांची भाकरी टांगलेली होती. फडकं सोडलेलंही नव्हतं. सकाळची गोळी घेऊन माणूस उपाशी!

आणि तेवढ्यात हाळी आली.

टकटक, "हिर्र्यो", शीळ. तळ्याकडच्या बुरुजावरून. इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! मिस्टर हसले. "बघ, म्हातारा वर जाऊन हवा खातोय आन तू माझी झोप मोडलीस." मीही मनात मामांना चार शब्द सुनावले आणि आम्ही तटाच्या पायऱ्या चढायला लागलो.

वर चढून बघतो तर कुणी नाही. हाळी परत आली, पण आता पुढून, बुरुजाच्या वळणाच्या पलीकडून. तट तिथं जेमतेम दोन हात रुंद आहे, एका बाजूला आतलं पटांगण, दुसऱ्या बाजूला खाली खोल पाणी. मिस्टर पुढं, मी मागं. ते म्हणाले, "आबा कशाला एवढ्या लांब गेलेत?" घामानं डोळे चुरचुरत होते म्हणून पदर... पदर कुठला, युनिफॉर्मची बाही तोंडावरून फिरवली आणि सहज खाली बघितलं.

मेंढरं खाली दारूकोठाराच्या तोंडाशी एकमेकांना चिकटून उभी होती. चरत नव्हती. सगळ्यांची तोंडं कोठाराकडं आणि आमच्याकडं पाठ.

पुन्हा हाळी आली. मोठ्यानं, स्पष्ट, अगदी मामांची.

एकाही मेंढरानं मान वर केली नाही.

मी मिस्टरांचा शर्ट मागून धरला.

"काय गं?"

"अहो, मेंढरं बघा."

"बघितली की. हायत सगळी."

"तसं न्हाई. हाळी आली. एकानं तरी वर बघितलं का?"

ते मेंढपाळाच्या घरात वाढलेले आहेत. त्यांना यापुढं सांगावं लागलं नाही. त्यांनी खाली बघितलं, मग माझ्याकडं, आणि चेहऱ्याचा रंगच गेला. तेवढ्यात ती हाळी परत आली... वळणाच्या अगदी पलीकडून, हात लांब केला तर माणूस हाताला लागेल एवढ्या जवळून. जिभेची टकटक आणि मध्ये श्वास घेतल्याचा आवाजही मी ऐकला. श्वास ऐकला हो मी!

मिस्टरांनी हातातली काठी पुढच्या दगडावर टेकवली. नुसती टेकवली. तो दगड तिथून सुटला, त्याच्याबरोबर शेजारचेही गेले, आणि खाली पाण्यात धपाधप आवाज झाले. वाकून बघितलं तर वळणाच्या पलीकडं काहीच नव्हतं. बुरुजाचा पुढचा भाग कधीचाच ढासळलेला होता. माणूस उभा राहील अशी जागाच नव्हती तिथं, नुसती हवा आणि खाली पाणी.

आम्ही कसे उतरलो ते आठवत नाही. मी रडत होते, एवढं आठवतं. मेंढरांना बाजूला सारत कोठारात शिरलो. आत उतरायला मोडक्या पायऱ्या आहेत, त्यांच्या तळाशी मामा पडलेले होते. एक पाय वाकडा, ओठ फुटलेले, डोळे अर्धवट उघडे. मला वाटलं, संपलं सगळं. मी त्यांच्या छातीवर हात ठेवला, तर श्वास चालू होता. खिशातली लिमलेटची गोळी फोडून तिची पूड त्यांच्या ओठांना आतून लावत बसले, बाटलीतलं पाणी बोटानं लावलं. मिस्टर फोनला रेंज मिळवायला बाहेर पळाले. गावातली चार माणसं आली, घोंगड्याची झोळी करून मामांना रस्त्यापर्यंत नेलं आणि तिथून ॲम्ब्युलन्सनं धाराशिवला. मेंढरं पार डांबरी रस्त्यापर्यंत झोळीमागं चालत आली. कुणी हाकलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, शुगर पार खाली गेलेली, अंगातलं पाणी संपलेलं, खुब्याचं हाड मोडलेलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर आशा नव्हती. मी विचारलं, "डॉक्टर, ते पडल्या पडल्या हाका मारत असतील का? मोठ्यानं?" ते म्हणाले, "या अवस्थेत? अहो, जीभ टाळूला चिकटलेली होती त्यांची."

मी म्हटलं ठीक आहे, प्रतिध्वनी असेल. पण प्रतिध्वनीला आधी ध्वनी लागतो की नाही?

मामा बोलायला लागले तेव्हा मी कॉटशेजारी बसले होते. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि एकदम माझं मनगट घट्ट धरलं.

"पोरी, तुला कुठं लागलं तर न्हाय?"

"मला कशाला लागतंय मामा? तुम्ही पडलात."

"तू आधी पडली व्हतीस की. कोठारात. रडत व्हतीस. 'मामा, हात द्या, म्या खाली पडले' म्हणत व्हतीस. म्हणून तर म्या उतरलो. पायरी मोडली अन् पडलो. अंधारात चाचपत बसलो, तर तू न्हाईस."

त्या वेळी मी बसमध्ये होते, येरमाळ्याच्या पुढं, तिकिटं फाडत. मामा मला वाचवायला त्या अंधारात उतरले होते. सत्तरी उलटलेला माणूस, माझ्यासाठी. मला इतकं भरून आलं आणि त्याच वेळी इतकी भीती वाटली की दोन्ही एकाच वेळी कसं होऊ शकतं ते मला अजून कळत नाही.

मिस्टर पलीकडं उभे होते. त्यांनी विचारलं, "आबा, मग तुमी हाळी दिली का?"

मामांनी मान हलवली. मग म्हणाले, "न्हाय रं. तोंडातनं शब्द निघत न्हवता. पर हाळी ऐकली म्या. वरनं येत व्हती, बुरजावरनं. माझीच." माझं मनगट त्यांनी अजून सोडलं नव्हतं. "म्या म्हटलं, आता मेंढरं जात्यात तिच्या मागं पाण्यात. पर न्हाय गेली लेकरं."

आम्ही दोघांनी बुरुजावर काय ऐकलं ते त्यांना तोवर सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं.

नंतर मी पुष्कळांना विचारलं. बसमधले एक गुरुजी म्हणाले, साळुंकी नक्कल करते. करत असेल. पण मी 'मामा' म्हणताना ती कधी ऐकायला आली? आणि म्हातारा कुठं उतरेल, त्याचा मुलगा कुठं चढेल, हे तिला कुणी सांगितलं? शुगर कमी झाली की माणसाला भास होतात हे खरं आहे. पण मला शुगर नाही, मिस्टरांना नाही, आणि आम्ही दोघांनी एकच ऐकलं. तिथं पूर्वी काय घडलं होतं हेही विचारून बघितलं. कुणालाच काही माहीत नाही. काही माहीत असतं तर निदान मनाला धरायला काहीतरी मिळालं असतं.

मामा आता काठीवर चालतात. मेंढरं चुलतदिराकडं दिली. मी मामांना लांबून हाक मारायचं सोडलंय, जेवायला बोलवायचं असलं तरी समोर जाते, खांद्याला हात लावते, मगच बोलते. दिवसभर बसमध्ये ओरडणारी बाई मी, घरात मुकी झालेय असं सासूबाई चिडवतात.

मागच्या रविवारी मी चुलीपुढं भाकऱ्या थापत होते. मामा अंगणात बाजेवर बसले होते. एकदम त्यांचा आवाज आला, "आलो आलो पोरी, थांब." मी दारातून मान बाहेर काढून बघितलं. ते काठी घेऊन उठले होते आणि घराकडं नाही, फाटकाकडं चालले होते. भराभर. मोडक्या खुब्याचा माणूस एवढ्या भराभर चालताना मी बघितला नव्हता. मी पिठाच्या हातानं धावले आणि त्यांना मागून मिठी मारून धरलं. सुनेनं सासऱ्याला असं धरायची रीत नाही आमच्यात. मी धरलं.

ते वळून माझ्याकडं बघत राहिले. मग फाटकाकडं बघितलं. तिथं कुणी नव्हतं.

"तू हाक मारली न्हाईस?"

"न्हाई मामा."

याचं स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. मिस्टरांकडंही नाही. तुमच्यापैकी कुणाकडं असेल तर जरूर लिहा, मी भांडणार नाही. आम्ही फाटकाला आतून कुलूप लावलंय, आणि मी ड्युटीवर असते तेव्हा सासूबाई मामांचा हात धरून बसतात.